दगडाची जखम आणि दगडाचे औषध

नाशिक भागात विहीर खणताना काळ्या कातळाच्या पोकळीत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पुष्कळांनी पाहिलेही असतील. त्यांतले काही जिओलाइट नावाच्या कुळातले. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला, तेव्हा तिथले दूषित पाणी शुद्ध करायला याच कुळातले पदार्थ वापरले. त्यांच्या बारीक पोकळ्यांत सीझियम अडकून बसते. पण, श्रोतेहो, धरून ठेवणारा दगडच किरणांच्या माऱ्याने खचला तर?

दगडाच्या या दुखण्याची हकिकत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनचे बर्झेलियस यांना दिसले, की गॅडोलिनाइट हे खनिज तापवले म्हणजे एकदम चमकून उठते. १८९३ साली नॉर्वेचे ब्रॉगर यांनी अशा खनिजांना ‘मेटामिक्ट’ म्हटले. बाहेरून स्फटिकाचा आकार, आतून मात्र काचेसारखा विस्कळीतपणा! १८९६ साली बेक्वेरेल यांना किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि १९१४ साली हँबर्ग यांनी दुखण्याचे मूळ सांगितले. खनिजातल्याच युरेनियम-थोरियममधून सुटणारे अल्फा कण हे ते मूळ.

हे घडते कसे? शाळेच्या मैदानावर मुले कवायतीला रांगेत उभी आहेत आणि मध्येच एक उधळलेला बैल घुसला, असे समजा. अल्फा कण सुटताना मागचा जड अणू बंदुकीसारखा मागे धक्का खातो आणि शेकडो शेजारी अणूंना जागेवरून हलवतो. युगानुयुगे हे चालले, की सगळी रांग मोडते. झिरकॉन हे खनिज अशाने फुगते. त्याचे आकारमान सुमारे १८ टक्क्यांपर्यंत वाढते. उष्णता मिळाली, की अणू पुन्हा रांगेत येतात आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडते. बर्झेलियस यांना दिसलेली चमक ती हीच.

केरळच्या वाळूतले मोनाझाइट मात्र निराळे. पोटात इतके थोरियम असूनही ते बहुधा स्फटिकच राहते, कारण त्याची जखम थोड्या उष्णतेनेही भरून येते. कोट्यवधी वर्षे टिकलेली अशी खनिजे पाहूनच ऑस्ट्रेलियाचे रिंगवुड यांनी १९७८ साली ‘सिनरॉक’, म्हणजे अणुकचरा सामावणारा कृत्रिम दगड, सुचवला.

आपल्याकडे तारापूरला १९८५ साली आणि तुर्भ्याला २००२ साली अणुकचरा काचेत मुरवण्याचे कारखाने सुरू झाले. काचेत अणूंच्या रांगा मुळातच नसतात, म्हणून मोडायचेही फारसे नसते. पण पाण्याने काच हळूहळू झिजते. म्हणून ती पोलादी डब्यांत भरून जपून ठेवतात.

हा हिशेब किती वर्षांचा? पांडवलेण्यांतला गौतमी बलश्रीचा शिलालेख सुमारे १९०० वर्षांचा आहे. प्लुटोनियम निम्मे व्हायला २४,००० वर्षे लागतात, म्हणजे त्याच्या बारापट काळ. एवढा काळ कोणी माणूस पहारा देऊ शकत नाही, कोणतेही राज्य टिकत नाही. पहारा दगडानेच द्यायचा. तेव्हा शिक्षकबंधूंनी मुलांच्या हाती गारगोटी देऊन एवढेच विचारावे : बाळांनो, हिची जखम कशी भरते?