जुन्या कॅसेटमधून आठवणींची शॉर्ट फिल्म कशी बनवतात?

कोपऱ्यात १९९६ची तारीख, चित्रावर हलक्या रेघा, फिस्कटलेले रंग आणि मागे संथ पियानो. अशी रील तुम्हीही पाहिली असेल. बहुतेकदा ती गेल्याच आठवड्यात फोनवर शूट करून वर फिल्टर टाकलेली असते. पण याच धाटणीची शॉर्ट फिल्म करायची असेल, तर अमरावती-अकोल्याकडच्या कित्येक घरांत फिल्टरपेक्षा अस्सल माल कपाटात पडून आहे: लग्नाच्या कॅसेट.

हा लूक येतो कुठून?

व्हीएचएस कॅसेटवर रंगाची माहिती उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा फारच कमी साठते. म्हणून नवरीच्या लाल शालूचा रंग कडेबाहेर सांडतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत टिपलं जातं. चौकट ४:३ची, म्हणजे जवळपास चौकोनी. खालच्या कडेला थरथरणारी पट्टी दिसते, ती यंत्राच्या हेडमुळे.

फिल्टर या सगळ्याची नक्कल करतो. त्याला जमत नाही तो शूटिंगवाल्याचा हात. रुखवतावरून सावकाश सरकणारा, मध्येच कुणाच्या पाठीवर अडकलेला कॅमेरा. हॅलोजन अंगावर आला की डोळे बारीक करणारी आजी. ट्यूबलाइटखाली हिरवट झालेली पंगत. फोनवर नवं शूट करणार असाल, तर आधी स्टॅबिलायझेशन बंद करा, फोकस लॉक करू नका आणि कॅमेरा धरणाऱ्याला बोलू द्या. निम्मं काम तिथेच होतं.

आधी कॅसेट वाचवा

हे टाळता येण्यासारखं नाही. टेपवरचा चुंबकीय थर बारीक चिकट लेपाने धरलेला असतो आणि उष्णता व दमट हवा त्याला खाते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा अकोल्याचा पारा आणि त्यामागून येणारा पावसाळा, यापेक्षा वाईट जोडी शोधून सापडणार नाही. त्यात टिनाच्या छताखालच्या माळ्यावर कॅसेट असेल, तर बघायलाच नको.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटेल, हेडही खराब होईल. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. चांगली असेल, तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग कॅप्चर कार्डने संगणकावर उतरवा. घाई करण्याचं कारण आहे: जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता चालू यंत्रं आहेत, ती जुनीच.

उतरवल्यावर मूळ फाइल तशीच ठेवा. मोबाइलच्या उभ्या चौकटीत बसवायला चित्र कापू नका, वर-खाली काळं राहू द्या. कापलं की नेमकी कडेची माणसं जातात, आणि आठवणीच्या फिल्ममध्ये कडेची माणसंच महत्त्वाची.

कॅसेटमध्ये नसलेलं शोधा

बहुतेक फिल्म इथेच फसतात. जुनी दृश्यं ओळीने लावली, वर गाणं टाकलं की झाली फिल्म, असं वाटतं. तो अल्बम झाला. फिल्म सुरू होते ती कॅसेटने काय सोडलं, इथून. कॅमेरा धरणारा मामा तीन तासांत एकदाही दिसत नाही. चुलीपाशी राबणाऱ्या बाया दिसत नाहीत. रुसवेफुगवे झाले तेव्हा शूटिंग बंद होतं.

शार्लट वेल्सच्या ‘आफ्टरसन’ (२०२२) या सिनेमात हेच फार नेमकं केलंय. मोठी झालेली मुलगी वडिलांसोबतच्या सुट्टीच्या मिनीडीव्ही टेप पाहते. एका प्रसंगात वडील तिला कॅमेरा बंद करायला लावतात आणि पुढचं बोलणं आपल्याला टीव्हीच्या पडद्यावरच्या प्रतिबिंबात दिसतं. टेपवर ते नाहीच.

वऱ्हाडात असा विषय शोधायचा तर शकुंतला रेल्वे घ्या. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एक फाटा अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, दुसरा यवतमाळला. कापसासाठी टाकलेली ही नॅरोगेज लाइन. १९९४पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आता गाडी बंद. तुमच्या घरी तिचं फुटेज नसेलच. पण अंजनगाव किंवा दर्यापूरला रुळांजवळ राहिलेल्या आजोबांचा आवाज रेकॉर्ड करा आणि त्यावर आजचे गवतात बुडालेले रूळ दाखवा. इंजिन दाखवायची गरज नाही.

एआयने जुनं फुटेज बनवलं तर?

माझं मत स्पष्ट आहे: घरच्या माणसांबाबत नको. २००२ साली मानसशास्त्रज्ञ किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २० जणांना त्यांचा लहानपणीचा फोटो हॉट एअर बलूनमध्ये चिकटवून दाखवला. ती सफर कधी झालीच नव्हती. तरी तिसऱ्या मुलाखतीपर्यंत निम्म्या लोकांना ती थोडीफार किंवा चांगलीच ‘आठवायला’ लागली. एक साधा फोटो एवढं करतो. मग हलणारे, बोलणारे आजोबा काय करतील? नाट्यीकरण करायचंच असेल, तर ते नाट्यीकरण आहे हे पडद्यावर लिहा. खोटी तारीख मात्र टाकू नका.

आवाज आणि परवानगी

लग्नाच्या कॅसेटवर शूटिंगवाल्याने सिनेमाची गाणी चढवलेली असतात. अपलोड केल्यावर कॉपीराइटमुळे आवाज म्यूट होऊ शकतो. गाण्याखाली दबलेलं बोलणं पूर्णपणे वेगळं काढता येत नाही, म्हणून नवा आवाज लागतोच. सबटायटलमध्ये ‘मले’चं ‘मला’ आणि ‘डोया’चं ‘डोळा’ करू नका. त्या माणसाचा अर्धा चेहरा त्या बोलीत असतो.

कॅसेटमधल्या सगळ्यांना विचारणं शक्य नाही, पण ज्यांचा चेहरा जवळून दिसतो त्यांना विचारा. मोडलेल्या लग्नाचं फुटेज असेल, तर दोन्ही बाजूंना.

आणि आजीला कॅसेट दाखवाल तेव्हा रेकॉर्डिंग आधीच सुरू ठेवा. पहिल्यांदा पाहताना ती जे बोलेल, ते दुसऱ्यांदा सांगताना तसं येणार नाही.