मण्यांमागचा दोरा

यंदा श्रावणातली गोष्ट. आईने फडताळातून एक पितळी डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. डबी पाहताच मी चपापले, कारण ती मीच तिथे लपवून ठेवली होती. वडील गेले त्या दिवशी शेजारच्या बायकांनी आईची पोत तोडली, तेव्हा मणी फरशीवर घरंगळले होते. दुसऱ्या दिवशी केर काढताना मी ते एकेक करून वेचले आणि डबीत भरून लुगड्यांच्या मागे सारले. त्याला आता सहा वर्षे झाली.

"हे ओवून दे," आई म्हणाली. "वाट्या नकोत. नुसते मणी. मला गळ्यात घालायचेत."

मी शाळेत इतिहास शिकवते. एखाद्या गोष्टीचे मूळ सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि अवघड प्रश्न समोर आला की त्याच्या जुन्या कागदांत लपायची सवयही आहे. आईला "हो" म्हणण्यापूर्वी मी तेच केले. पण आधी सुई हातात घेतली.

शिवणाचा दोरा घेऊन तासाभरात सर पुरा केला. उचलून पाहते तो दोरा तुटला आणि मणी पुन्हा फरशीवर! तेव्हा मुकाट्याने मुलुंडहून गाडी धरली आणि घाटकोपरला एका पटवेकऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसले. सराफाच्या दुकानाबाहेर हातभर जागेत त्याचा संसार. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून तो ताण धरतो आणि बोलता बोलता गाठी मारतो. पट म्हणजे रेशीम. त्यावरूनच ही माणसे पटवेकरी झाली.

"बाई, मणी काचेचा आहे," तो म्हणाला. "त्याच्या भोकाला धार असते. ती दोरा कापते."

हे खरेच आहे. असा मणी करताना तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि ते पुन्हा भाजून त्यांच्या कडा बोथट करतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला काचेच्या मण्यांचा मोठा उद्योग आहे. भाजणी कमी पडली की धार राहते. पटवेकऱ्याने मला सांगितले ते असे: दोरा दुहेरी घ्यावा, त्याला मेण लावावे. मणी आधी ताटात पसरून निवडावेत. टपोरे मधोमध, बारीक मानेकडे. ओवायला मधून सुरुवात करावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उतरतात. आणि सर कधी ताणून बांधू नये. मण्यांना थोडी हालायला जागा हवी, नाहीतर ते एकमेकांना चावतात.

त्या रात्री ताटात मणी निवडता निवडता मला नेवासे आठवले.

प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतली माणसे आपली मेलेली मुले घराच्या जमिनीतच, मातीच्या रांजणांत ठेवून पुरीत. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. मणी टिकले यात नवल नाही. नवल हे की मण्यांच्या आत दोरा टिकला! सूत आणि रेशीम मातीत कुजून जायचे, पण तांब्याला चढलेल्या गंजाने त्याला राखले. तज्ज्ञांनी तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम, दोन्ही आढळले. पुढे सिंधू संस्कृतीच्या दागिन्यांतही रानरेशमाचे तंतू सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि रेशमाची कथा आणखी मागे गेली. पण माझे मन नेवाशाच्या त्या मुलाशीच अडकून राहिले. कुणीतरी तो दोरा वळला असेल, मणी निवडले असतील, मध्ये कोणता घ्यावा याचा विचार केला असेल. आणि मूल गेल्यावर ती माळ काढून न घेता त्याच्या गळ्यात तशीच राहू दिली असेल.

आणि योग पाहा, याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सातव्या अध्यायात विश्व परमात्म्यात दोऱ्यातल्या मण्यांसारखे ओवलेले आहे, असा दृष्टांत आहे. ज्ञानदेवांनी तो मराठीत आणताना मणीही सोन्याचे केले आणि सूतही सोन्याचे केले. दोरा म्हणजे मण्यांहून हलकी वस्तू, हा भेदच त्यांनी ठेवला नाही. त्यांच्या पायांखाली कुठेतरी ती तांब्याची माळ मातीत होती, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आपल्या उपनगरांतही या धंद्याची जुनी खूण आहे. बोरिवलीहून कान्हेरीला सहली जातात. मुले माकडांमागे धावतात आणि शिक्षक मुलांमागे. तिथल्या लेण्यांच्या भिंतींवर दात्यांचे ब्राह्मी लेख कोरलेले आहेत. त्यांत सोपाऱ्याचा एक मणिकारही आहे. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. पहिल्या शतकातला एक ग्रीक प्रवासग्रंथ सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे सांगतो, आणि पैठणहून गोमेदासारखे खडे भडोचच्या बंदरी जात असेही सांगतो. म्हणजे आपल्या लोकलच्या स्थानकांच्या आसपास दोन हजार वर्षांपूर्वी मण्यांवर पोट भरणारी माणसे होती, आणि दान देण्याइतकी त्यांना बरकतही होती.

मग राहिला तो प्रश्न, ज्याच्यापासून मी इतकी लांब पळाले होते. आईने ते मणी घालावेत की नाही?

भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नोंदवले आहे की, विवाहविधी सांगणारी गृह्यसूत्रे मंगळसूत्र बांधण्याबद्दल काही बोलत नाहीत. तो उल्लेख नंतरच्या ग्रंथांत येतो. मण्यांची माळ त्याहून फार जुनी. नेवाशाच्या त्या मुलाचे काही लग्न झालेले नव्हते! माळ आधी माणसाची होती. ती सौभाग्याची खूण मागाहून झाली. मग जी खूण मागाहून आली, ती गेल्यावर माळही का जावी?

हा प्रश्न केवळ माझ्या घरचा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की, पती निधन पावल्यावर पत्नीचे मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद कराव्यात. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. हे मी आईला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दोऱ्याला मेण लावलंस का?"

तिला पुरावा नको होता. तो मला हवा होता. तोडणाऱ्या बायकांना मी त्या दिवशी अडवले नव्हते; दाराशी उभी राहून पाहत होते, आणि नंतर मणी मात्र वेचले होते.

नवरात्रात सर पुरा झाला. दोन पदरांना मणी पुरले नाहीत, एकच झाला. काही मणी अजून कपाटाखाली असतील. आईने आरशापुढे उभे राहून तो घातला, मागची गाठ चाचपली, थोडा वेळ पाहिले.

"त्यांना एकपदरी आवडायची नाही," ती म्हणाली. "असू दे."

आणि चकलीची भाजणी दळून आणायची राहिली आहे, याची मला आठवण करून दिली.