सरांचा रेडिओ

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून उशिरा येऊन आपण झोपलो आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरलं. पुढे कितीतरी दिवस आपले विज्ञानाचे सर वर्गात गप्प गप्प असत. त्याचं कारण मला कळायला तीस वर्षं लागली.

सर ‘हॅम’ होते, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओवाले. किल्लारीनंतर हॅम मंडळींनी भूकंपग्रस्त भागात आपत्कालीन संपर्क उभा केला. सरांनी स्वतः जोडलेला संच मात्र माळ्यावर होता. दोन खोल्यांचं घर, मुलांची शिक्षणं, शिकवण्या यांत परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं होतं. “परवाना नाही म्हणजे बोलायचं नाही. नुसतं ऐकत बसलो,” सर म्हणाले.

त्यांच्याकडून हे ऐकल्यावर मी या छंदाचा इतिहास वाचायला घेतला. खंड पडणं आणि पुन्हा सुरू होणं हे त्या इतिहासातही दिसलं.

भारतात पहिला हौशी परवाना १९२१ साली मिळाला. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशात पन्नासहूनही कमी हॅम होते. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, नवे परवाने बंद झाले आणि असलेले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. पण संच जमा झाले तरी हातातली विद्या जमा होत नाही. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बदलत बदलत ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. त्याच्या उभारणीत नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली आणि उषाताईंना कारावास झाला.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, महू इथल्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये हौशी रेडिओची संघटना उभी राहिली. पुढची कितीतरी वर्षं परदेशी संच परवडत नसत. युद्धातल्या जुन्या सामानातले व्हॉल्व मिळवून लोक घरीच संच जोडत. सरांचा संच असाच तयार झाला होता. १९८४ साली आयातशुल्क माफ झालं आणि हॅमची संख्या वाढू लागली. नेमक्या त्याच काळात सरांचा संच माळ्यावर गेला.

तो खाली उतरला निवृत्तीनंतर. निमित्त झालं २००४च्या त्सुनामीचं. अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी आधीच पोहोचले होते. दूरध्वनी बंद पडले तेव्हा त्यांनी निरोप पोहोचवले. ते वाचून सर पुन्हा अभ्यासाला लागले आणि निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या मुलांशेजारी बसून त्यांनी परीक्षा दिली. त्याआधीच, २००३ साली, मोर्सची परीक्षा घ्यायची की नाही हे आंतरराष्ट्रीय पातळीवर त्या त्या देशावर सोपवलं गेलं होतं. सरांनी तरी मोर्स सोडला नाही.

आता सरांना कमी ऐकू येतं. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांना ‘एफटी८’ लावून दिलं. नोबेलविजेते जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली आणलेली ही पद्धत. दोन्ही बाजू पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने छोटे संदेश पाठवतात. खरखरीत बुडालेला क्षीण संदेशही संगणक वेचून काढतो आणि पडद्यावर दाखवतो. कान लागतच नाहीत.

सरांनी कौतुकाने पाहिलं, चार प्रश्न विचारले. मग हेडफोन चढवून मोर्स लावला आणि कागदावर अक्षरं उतरवायला लागले. मी थक्क झाले. त्यांनी वर्गात समजवायचे तसं समजावलं : वयानुसार आधी उंच पट्टीतलं ऐकू येईनासं होतं. ‘स’, ‘फ’, ‘त’ ओळखू येतात ते त्याच पट्टीमुळे, म्हणून बोलणं निसटतं. मोर्सचा सूर मात्र आपल्याला हवा तितका खाली आणता येतो. परीक्षेतून जे ऐच्छिक झालं, तेच त्यांच्या कामी आलं.

परतीच्या वाटेवर मला माझाच माळा आठवला. वेळ नाही म्हणून वर टाकलेलं काय काय तिथे आहे! परीक्षेच्या अभ्यासाला मी आता सुरुवात केली आहे. निवृत्तीची वाट पाहणार नाही.

मेळाव्याच्या दिवशी सर मोर्सची की घेऊन येणार आहेत. तेव्हा गप्प का होता, हे ज्यांना त्यांना विचारायचं राहिलं, त्यांनी या वेळी जरूर विचारावं. जरा जवळ बसून, सावकाश.