बाराचा पाढा अडला, तर लीलावती काय सांगते?

१/ वर्ग गारखेड्यातला असो वा गडचिरोलीतला, बाराचा पाढा आठवला नाही की मुलाचा गुणाकार अडतो आणि ते 'गणितात कच्चे' ठरते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) मात्र याच बारासाठी अनेक वाटा आहेत.

२/ उदाहरण आहे १३५ गुणिले १२. बाराचे ८ आणि ४ असे खंड करावेत : १०८० + ५४० = १६२०. किंवा आधी तीनने, मग चारने गुणावे : ४०५, मग १६२०. येथे लहान पाढे पुरतात.

३/ तिसरी वाट स्थानांची. बारातील १ दशकस्थानी आहे, म्हणून १३५ दशक, म्हणजेच १३५०; २ एककस्थानी, म्हणून २७०. बेरीज तीच. आजची उभी मांडणी याच तत्त्वावर चालते.

४/ चौथी वाट सोयीच्या संख्येची. बाराऐवजी विसाने गुणावे : २७००. जास्तीचे आठपट, म्हणजे १०८०, वजा करावेत.

५/ ही विद्या टिकावी म्हणून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. तेथे आजोबांचे ग्रंथ शिकविले जात. याची नोंद असलेला तेराव्या शतकारंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. गारखेड्याहून निघून कन्नडचा घाट उतरला की हा परिसर लागतो.

६/ पाढे पाठ असावेतच. परंतु एक पाढा विसरला म्हणून गुणाकार थांबत नाही, हे मुलाला वेळीच कळले पाहिजे. भीती तेथेच ओसरते.