तळटीप : ‘निरुपद्रवी वायू’

१. ‘निरुपद्रवी वायू’ : लेखकाचा निर्देश फ्रिऑन-१२ या वायूकडे आहे. शीतकपाटातील सल्फर डायऑक्साइडसारखा विषारी वायू गळून जिवावर बेतण्याची भीती असे, त्या काळी, १९३० साली, टॉमस मिजली या अमेरिकन संशोधकाने भरसभेत फ्रिऑन छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवून तो विषारीही नाही व ज्वालाग्राहीही नाही हे सिद्ध केले. परंतु ज्या स्थैर्याचा गौरव झाला तेच अनर्थाचे मूळ ठरले. कारण सहसा न विघटणारा हा वायू स्थितांबरापर्यंत चढतो, तेथे अतिनील किरणांनी त्यातील क्लोरीन मुक्त होते आणि ओझोनचा क्षय करते, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारनाम्याने त्यावर निर्बंध आले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता कोंडतो. सबब २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या वर्गातील वायूंचा वापर घटवण्याचे ठरले. वाचकांनी जुने शीतकपाट मोडीत काढताना त्यातील वायू हवेत सोडू देऊ नये, ही आग्रहाची विनंती. — संपादक