८५-० नंतर

शिकागो विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम एके काळी दादा होती. अमोस अलोन्झो स्टॅग यांनी १८९२पासून ४१ मोसम तिला घडवलं. आज ‘बिग टेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धागटाच्या संस्थापकांत शिकागो होतं. १९३५मध्ये कॉलेज फुटबॉलमधली पहिली हाइजमन ट्रॉफी जिंकली ती शिकागोच्याच जे बरवँगरने.

चारच वर्षांत, १९३९मध्ये, मिशिगनने याच टीमला ८५-० असं धुतलं. ओहायो स्टेटने ६१-०.

तोवर कॉलेज फुटबॉल हा तिकीटविक्रीचा मोठा धंदा झाला होता. जिंकायचं तर चांगले खेळाडू पैसे आणि सवलती देऊन आणायचे. नाहीतर मार खात राहायचं. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना दोन्ही मंजूर नव्हतं. डिसेंबर १९३९मध्ये टीमच बंद झाली.

२ डिसेंबर १९४२ रोजी याच स्टेडियमच्या पश्चिम स्टँडखाली एन्रिको फर्मींच्या गटाने पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. ‘फुटबॉल गेला, विज्ञान आलं’ असं म्हणायचा मोह होतो. पण प्रयोग खरं तर शहराबाहेर आर्गनला ठरला होता. कामगारांच्या वादामुळे तिथली इमारत रखडली, म्हणून स्टँडखालची जागा वापरली.

म्हणजे हचिन्स यांच्या निर्णयाला अणुभट्टीची साक्ष लागत नाही. बंद करताना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. विद्यापीठ कशासाठी आहे, एवढाच प्रश्न होता.

१९६९मध्ये फुटबॉल परतला. खेळासाठी शिष्यवृत्ती मात्र नाही. हरलं तरी चालेल, अशा अटीवर.