नळ आले!

जालन्यात मस्तगडाच्या उताराजवळ माझ्या मावशीचं घर आहे. गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेली सात वर्षांची भाची तिथं अंगणात खेळत होती. इतक्यात शेजारच्या गच्चीवरून हाक आली, "नळ आले गं!" आणि सगळी गल्ली हलली. हंडे, कळशा, टाकीचे पाइप घेऊन माणसं धावली. भाची मात्र भिंतीतल्या तोटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आला कुठून? नळ तर इथंच होता की!"

जन्मभर ऐकलेलं ते वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदा खरोखर ऐकू आलं. नळ हलत नाही, येतं ते पाणी. तरी जालन्यात आम्ही 'पाणी आलं' क्वचित म्हणतो. नळ आले, नळ गेले, आज नळ आहे, उद्या नळ नाही, असंच म्हणतो. घरात तोटी एकच असली तरी नळ अनेकवचनी येतात. या एका वाक्याचा माग काढताना मी थेट कौटिल्यापर्यंत गेलो, आणि तिथं जे सापडलं त्याभोवतीच ही सारी कुळकथा उभी आहे.

आधी शब्दाचं जन्मगाव. नळ म्हणजे मुळात पाणथळीत वाढणारं, आतून पोकळ असलेलं उंच गवत. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात तळ्यातून उभ्या राहिलेल्या नळांची उपमा आहे. तिथं देणगी मिळालेले दहा तेजस्वी बैल त्या नळांसारखे उभे आहेत. म्हणजे हा शब्द आपल्याला प्रथम दिसतो तोच पाण्यात पाय रोवून. त्याचा उच्चारही पाहण्यासारखा आहे. नंतरच्या संस्कृतात 'नड' आणि 'नल' अशी रूपं दिसतात, पण ऋग्वेदाच्या पठणात दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'ळ' होतो. त्यामुळे तिथं ऐकू येतो तो चक्क 'नळ'. हिंदीनं तो 'नल' केला. मराठी जिभेवर मात्र तसाच ळ आजही आहे. मस्तगडाच्या गल्लीतली हाक उच्चारापुरती वैदिक आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

नड आला कुठून, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्याला द्राविडी मानतो. मूर्धन्य 'ड' हा त्यांचा मुख्य आधार. इंडो-युरोपीय घराण्यातल्या शब्दात असा ड सहजी येत नाही, आणि दक्षिणेकडच्या भाषांत नळीच्या अर्थाचे मिळतेजुळते शब्द आहेत. कन्नडात तोटीला आजही 'नल्ली' म्हणतात. दुसरा पक्ष पश्चिमेकडे बोट दाखवतो. फारसीत बोरूला आणि बासरीला 'नै' म्हणतात आणि त्यामागचं जुनं इराणी रूप 'नद' धरलं जातं. त्याहून जुन्या, मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या हित्ती भाषेत 'नाता' म्हणजे बोरू, आणि बाणसुद्धा.

मी दुसऱ्या पक्षाचा आहे, आणि माझं कारण ऋग्वेदातच आहे. पहिल्या मंडलात इंद्रानं वृत्राला मारून कोंडलेलं पाणी मोकळं केल्याचं प्रसिद्ध सूक्त आहे. त्यात मोडून पडलेल्या वृत्राला 'नदा'ची उपमा दिली आहे, आणि पाणी त्याच्यावरून वाहत जातं. परंपरेनं या नदाचा अर्थ नदी असा घेतला. काही आधुनिक अभ्यासक तो बोरू असा घेतात, म्हणजे मोडलेल्या बोरूसारखा पडलेला वृत्र. मला हाच अर्थ पटतो. नदी मोडून पडत नाही, बोरू पडतो. हे खरं असेल, तर ऋग्वेदातच साध्या द-चं जुनं रूप आणि ड-चं नवं रूप शेजारी शेजारी नांदत होती, आणि तो ड या मातीत आल्यावर लागलेला उच्चार ठरतो. मग वंश दूरचा आणि वळण इथलं, असा निवाडा होतो आणि दोन्ही पक्षांचा मान राहतो.

पोकळ गवत हाती आलं की माणूस त्याच्या नावानं सगळ्या पोकळ वस्तू ओळखू लागतो. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार सांगितले, त्यात लांब पोकळ हाडं 'नलक'. आपल्या पायाची नडगी याच घरातली असावी आणि तिनं जुना ड जपला असावा, असा माझा कयास आहे. कमळाचा पोकळ देठ तो नाल. आईला बाळाशी जोडणारी ती नाळ. वैद्य मनगटावर धरतात ती नाडी. सोनाराची फुंकणी नळी, दिवाळीतले नळे, छपरावरची नळीची कौलं, बांबूचं नळकांडं हे सगळे भाऊबंद. एक तोतया मात्र बाजूला काढला पाहिजे. घोड्याची नाल ही अरबी 'नअल'. तिचा अर्थ पादत्राण, आणि आपल्या गवताशी तिचं काही नातं नाही.

आता ज्या दुव्यापायी हे लिहायला बसलो, तो दुवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात काळ मोजण्याचं प्रकरण आहे. चार माषे सोन्याची चार अंगुळं लांब तार काढायची, तिच्या जाडीचं छिद्र घड्याला पाडायचं आणि त्यातून एक आढक पाणी वाहून जायला लागेल तो काळ म्हणजे एक 'नालिका'. दोन नालिकांचा मुहूर्त, तीस मुहूर्तांची दिवसरात्र. म्हणजे नालिका आजच्या चोवीस मिनिटांची. राजानं दिवसाचे आठ आणि रात्रीचे आठ भाग करून कोणत्या भागात काय काम करायचं, हे सांगतानाही कौटिल्य या नालिकांनीच किंवा सावलीच्या मापानं वेळ मोजायला सांगतो. ज्योतिषाच्या ग्रंथांत तिचं नाव नाडी, आणि तिचा साठावा भाग विनाडी.

नालिका म्हणजे नळी. नळीतून पाणी वाहिलं, त्याचं नाव वेळेला मिळालं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मावशीच्या गल्लीतही नळ ही वस्तू राहिलेली नाही, ती वेळ झाली आहे.

मग शेजारचे शब्द तपासले. घटिका म्हणजे लहान घट. पुढे ते काम घटिकापात्र करू लागलं. तळाला भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. जुन्या चालीच्या लग्नघरात हे पात्र अजून मांडतात, आणि वाटी कुणी पाहिली नसली तरी 'त्याची घटका भरली' असं आपण म्हणतो. घटकेचा साठावा भाग पळ, आणि पल हे मुळात वजनाचं माप. पूजेतली पळी याच मापाची लेक असावी, असं मला वाटतं. नाडी, घटका, पळ या तिन्ही शब्दांत पाण्याची नळी, भांडं किंवा माप लपलं आहे. 'पळभर थांब' म्हणताना आपण नकळत पाणीच मोजतो.

यावर भाषेच्या एका जाणकार स्नेह्यानं घेतलेला आक्षेप रास्त आहे. ते म्हणाले, "हा साधा लोप आहे. 'नळाला पाणी आलं'मधलं पाणी गळलं, एवढंच. 'लाईट आली' म्हणतोस, तेव्हा दिवा काय चालत येतो? त्यासाठी कौटिल्य कशाला?" आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो. वाक्य तसंच आखडलं असणार. पण आखडल्यानंतर त्याचं जे झालं, ते लाईटचं झालेलं नाही. 'आज लाईट आहे' म्हणजे वीज आहे, इतकंच. 'आज नळ आहे, मला यायला जमणार नाही' हे वाक्य 'आज बाजार आहे', 'आज एकादशी आहे' यांच्या पंगतीतलं आहे. नळाच्या आत स्वयंपाक उरकतात, नळाच्या दिवशी धुणं काढतात, नळाचा दिवस सोडून पाहुण्यांना बोलावतात. इथं नळ हा वार झाला आहे. अनेकवचनाचंही कोडं असंच सुटतं. आलेले नळ ही एका घरची तोटी नसते, तो साऱ्या गल्लीवर एकदम येणारा प्रसंग असतो.

कौटिल्याच्या नालिकेपासून आमच्या गल्लीपर्यंत सलग धागा आहे, असा माझा दावा नाही. मराठी बोलण्यात काळमापनाची नालिका उरली नाही, तिची जागा घटकेनं घेतली. माझं म्हणणं एवढंच, की जिथं पाणी मोजून मिळतं तिथं पाण्याची नळी घड्याळ होते. हे एकदा शास्त्रात घडलं आणि एकदा टंचाईत. शब्द दोन्ही वेळा तोच होता, आणि हा योगायोग मी मानत नाही. पोकळ गवताच्या या नावात वाहण्याचा आणि थांबण्याचा अर्थ आधीपासून मुरलेला होता.

मधल्या काळात नळ जमिनीखाली गेला. जालन्यात मलिक अंबरच्या काळातला सुभेदार जमशेद खान यानं मोती तलाव बांधला आणि भूमिगत नळांतून पाणी शहरातल्या हौदांत आणलं. सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या दिवसांत गावाला पाच तलाव होते. तिकडे खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, मलिक अंबरची नहर खेळली. अहमदनगरला खापरी नळ होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजचा नळ शनिवारवाड्यापर्यंत आला. तो तर माणूस आत शिरू शकेल एवढा मोठा, तरीही नावानं नळच.

इथं एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्या राजवटींत पाण्याभोवतीचे शब्द भराभर बदलले. हौद अरबी, नहर अरबी, मशक फारसी. मशकीतून पाणी देणारा भिस्ती तर फारसी बिहिश्तवरून, म्हणजे स्वर्गातला. पुढे पोर्तुगीजांच्या 'बोंबा'चा बंब झाला. तो आग विझवू लागला आणि न्हाणीघरात पाणीही तापवू लागला. दख्खनी-हिंदीत त्याचाच बंबा होऊन तो नळाच्या जागेवर हक्क सांगू लागला. पण मराठीत नळ हलला नाही. का? माझं उत्तर 'खापरी नळ' या जोडशब्दात आहे. योजना आखणारे फारसी बोलत असतील, पण मातीच्या नळ्या भाजणारा कुंभार आणि त्या चुन्यात बसवणारा गवंडी इथलेच होते. शब्द टिकतो तो घडवणाऱ्याच्या तोंडी. शिवाय जमशेद खानाच्या कारभाऱ्यांना नळ हा शब्द परका वाटायचं कारण नव्हतं. त्यांची नै आणि कुंभाराचा नळ हे हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले भाऊ जालन्याच्या चरात पुन्हा भेटले.

नळदुर्गाच्या नावातही मला हे गवतच दिसतं. लोक नळराजाची कथा सांगतात, आणि ती गोड आहे. पण बोरी नदीला कवेत घेणारा तो किल्ला, १६१३मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात तिथल्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल, आणि नड असलेल्या जागेसाठी पाणिनीनं सांगितलेलं 'नड्वल' हे रूप एकत्र ठेवा. नदीकाठच्या नळांच्या बेटावरून दुर्गाचं नाव पडलं, यावर मी पैज लावायला तयार आहे.

मस्तगड त्यानंतरचा. १७२५च्या सुमारास निजाम असफजाहच्या हुकमानं काबिल खानानं गढी बांधली, तशी नोंद तिथल्या फारसी शिलालेखात आहे. गढीच्या आत एक मोठी विहीर आहे, तिच्या पोटात सज्जे आणि दालनं आहेत. बांधणाऱ्यानं पाण्याशेजारी बसायला जागा केली होती. पुढे याच गढीत नगरपालिकेची कचेरी आली. जिथं विहीर खोदून पाणी राखलं, तिथंच नळपट्टीच्या पावत्यांचा कारभार आला, म्हणजे पाण्याचा हिशेब गढीतच राहिला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. निजामी राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा जलाशय झाला. त्याचं पाणी विजेशिवाय, निव्वळ उतारानं शहरात येत होतं. शहर वाढलं, गाळ साचला. २०१२-१३च्या दुष्काळानं जालन्याला टँकरच्या रांगेत उभं केलं. नागरिकांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला, जायकवाडीहून जलवाहिनी आली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशननं तर गावागावात घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हेच ध्येय ठरवलं.

या ध्येयात नळ हा शब्द पुन्हा वस्तू होतो. तोटी बसली, मोजणी झाली. पण आमची बोली वेगळी मोजणी ठेवते. तोटी बसली म्हणून जालन्यात कुणी 'नळ आले' म्हणत नाही. पाणी पडू लागलं तरच म्हणतात. माझ्या मते पाणीपुरवठ्याचा सर्वांत खरा अहवाल या दोन शब्दांत आहे. ज्या गावात ते आरोळी देऊन सांगावे लागतात, तिथं काम अजून बाकी आहे.

भाचीला मी कौटिल्याचं घड्याळ समजावून सांगितलं. तिनं प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडून तसंच घड्याळ करायचा हट्ट धरला. मावशीनं बाटली दिली, पाणी मात्र दिलं नाही. नळ जाऊन तासही झाला नव्हता, पण पुढचे नळ कधी येतील ते तिला माहीत होतं. या शब्दावर माझा फार जीव आहे, तरी एक दिवस मस्तगडाच्या मुलांनाही 'नळ आले' हे वाक्य कळू नये, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी नळ पुन्हा नुसता नळ होईल, तळ्याकाठच्या गवतासारखा, कायम पाण्यात उभा.